पांढरी पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडते कशी? दार उघडते ती भिंत

तुम्ही नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि तुमचा प्रश्न असा आहे: पायात काटा मोडला की तिथे पू होतो, पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी, हे पुस्तकात आहे. पण त्या रक्तातून तिथे येतात कशा? रक्तवाहिनीला भोक पाडतात का? मग त्या भोकातून रक्त का गळत नाही? एवढ्या मोठ्या शरीरात नेमकं काट्यापाशीच उतरायचं हे त्यांना सांगतं कोण? आणि काम झालं की परत येतात का?

आधी थोडक्यात सांगतो. भोक पाडत नाहीत. दार रक्तवाहिनीची भिंत उघडते आणि कुठे उघडायचं तेही बरंचसं तीच ठरवते. आम्ही मात्र वर्गात ‘सैनिक पेशी धावून जातात’ असं शिकवतो. तो शब्दप्रयोग मला कधीच पटला नाही. धावून जायला पेशीला आधी काही कळायला हवं ना? रक्तातून वाहणाऱ्या न्यूट्रोफिलला, म्हणजे ज्यांचा पू होतो त्या जातीच्या पांढऱ्या पेशीला, तुमच्या टाचेत काटा आहे हे ठाऊक नसतं. ती रोजच्यासारखी टाचेतून जात असते आणि त्या दिवशी भिंत तिला धरते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. म्हणजे हा सगळा प्रकार माझ्याकडे थिजलेल्या चित्राच्या रूपात येतो. सर्जन सुजलेलं अपेंडिक्स काढतात, फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून पाठवतात आणि एकदोन दिवसांत त्याची गुलाबी-जांभळी स्लाइड माझ्या टेबलावर असते. त्यात एखादी छोटी शीर सापडते. तिच्या मध्यभागी तांबड्या पेशींचा घोळका आणि कडेने भिंतीला चिकटून ओळीने बसलेल्या न्यूट्रोफिल. एखादी अर्धी आत, अर्धी बाहेर, मध्ये चेपून अगदी डमरूसारखी झालेली. तीस वर्षं बघतोय, तरी अशी एखादी दिसली की मी स्लाइड तिथेच थांबवून शिकाऊ डॉक्टरांना बोलावतो.

हे थिजलेलं चित्र हलताना ज्यांनी नीट पाहिलं त्यांतलं मोठं नाव युलिउस कोनहाइम. १८६७ साल, बर्लिन. बेडकाच्या आतड्याला धरून असलेला पातळ पडदा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ताणून ठेवला आणि तासन्‌तास बघत बसले. पडदा उघडा पडला की त्याला हळूहळू दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, होतोच, वेगळं काही करावं लागत नाही. शिरा रुंदावल्या, रक्त मंदावलं, पांढऱ्या पेशी कडेला जमल्या. मग शिरेच्या बाहेरच्या बाजूला बारीकसा फुगवटा आला, वाढला आणि शेवटी सुटा झाला. एक पेशी बाहेर पडली होती. याआधी १८४६ मध्ये वॉलर यांनी बेडकाच्या जिभेत हेच पाहिलं होतं, पण त्याकडे फारसं लक्ष गेलं नव्हतं. कोनहाइम ज्यांच्या संस्थेत काम करत होते ते रुडॉल्फ फिर्खो मानत होते की पूच्या पेशी त्या जागच्या ऊतीतच तयार होतात. शिष्याने बेडूक पुढे ठेवून गुरूचं म्हणणं खोडून काढलं. कोनहाइम यांनी पुढे असंही मांडलं की दाहातला मूळ बदल रक्तवाहिनीच्या भिंतीत होतो. भिंतीत नेमकं काय बदलतं हे दाखवण्याची साधनं त्यांच्याकडे नव्हती. ती यायला शंभरावर वर्षं लागली.

आता क्रमाने घेऊ.

पहिली गोष्ट, पेशी कुठेही उतरत नाहीत. बहुतेक अवयवांत धमनीतून नाही आणि केशवाहिनीतूनही नाही. केशवाहिन्या संपून रक्त परतीला लागतं तिथल्या अगदी छोट्या शिरा, ज्यांना शिरिका किंवा व्हेन्यूल म्हणतात, तिथून उतरतात. तिथे रक्ताचा रेटा कमी असतो आणि भिंत पातळ असते. शिवाय एक निव्वळ यांत्रिक गोष्ट घडते. तांबड्या पेशी प्रवाहाच्या मध्याकडे गोळा होतात आणि आकाराने मोठ्या पांढऱ्या पेशी कडेला ढकलल्या जातात. गर्दीच्या रस्त्यात मोठी हातगाडी कडेला रेटली जावी तसं. दाहामुळे शिरा रुंदावली, आतलं पाणी बाहेर झिरपून रक्त दाट झालं आणि वेग मंदावला की हे कडेला जाणं आणखी वाढतं. फुप्फुस आणि यकृत मात्र वेगळे. फुप्फुसात न्यूट्रोफिल अरुंद केशवाहिन्यांतच अडकतात आणि यकृताच्या सायनुसॉइडमध्येही (तिथल्या खास केशवाहिन्यांतही) पुढे सांगतो ती लोळण बहुतेक नसते.

कडेला असण्याचा वॉर्डात दिसणारा परिणाम सांगून टाकतो, तुम्हाला कामाला येईल. शरीरातल्या रक्तवाहिन्यांत जेवढ्या न्यूट्रोफिल असतात त्यांतल्या साधारण निम्म्या कुठल्याही क्षणी भिंतीलगत रेंगाळत असतात. सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशी मोजण्यासाठी, काढलेल्या रक्तात त्या येतच नाहीत. पेशंट जिने चढून धापा टाकत आला, घाबरला, फिट आली की अॅड्रेनालिनमुळे त्या भिंतीपासून सुटतात आणि काउंट वाढलेला दिसतो. डेक्सामेथासोन दिल्यावर काही तासांत काउंट चढतो तोही यामुळेच. भिंतीलगतच्या सुटतात, अस्थिमज्जेतून जास्त येतात आणि बाहेर ऊतीत जाणाऱ्या कमी होतात. दम्यासाठी स्टिरॉइड सुरू केलेल्या पेशंटचा काउंट सोळा हजार बघून अँटिबायोटिक वाढवल्याचं मी कित्येकदा पाहिलं आहे. रक्तात पेशी वाढल्या म्हणजे ऊतीत वाढल्याच असं नसतं, कधीकधी बरोबर उलटं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे एका बाळाबद्दल बोलायचं आहे.

आता भिंत. रक्तवाहिनीच्या आतून फरशीसारख्या बसवलेल्या चपट्या पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. एरवी तो गुळगुळीत, कशालाही न चिकटणारा. काटा मोडला आणि त्याच्याबरोबर जंतू आत गेले की ऊतीत आधीपासून राहणाऱ्या पेशींना पहिली खबर लागते. मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, जंतू ओळखून टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ ही रसायनं सोडतात. ही शेजारच्या शिरिकेपर्यंत पोचतात आणि भिंतीचं रूप पालटतं.

ते दोन टप्प्यांत पालटतं. एंडोथेलियमच्या पेशीत लांबट कांडीसारखे डबे भरून ठेवलेले असतात. एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पॅलाडे यांनी १९६४ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना वायबेल-पॅलाडे बॉडी म्हणतात. त्यांत पी-सिलेक्टिन नावाचं प्रथिन तयार असतं. हिस्टामिन लागलं की काही मिनिटांत डबे पृष्ठभागावर रिकामे होतात. ही झाली घरात भरून ठेवलेली शिधासामग्री. दुसरं प्रथिन ई-सिलेक्टिन. ते साठवलेलं नसतं. टीएनएफचा निरोप आल्यावर जनुकापासून बनवायला घ्यावं लागतं, त्यामुळे ते एकदोन तासांनी दिसू लागतं आणि चारसहा तासांत भरात येतं. काटा सकाळी मोडतो आणि जागा खरी ठणकायला लागते संध्याकाळी, यामागचं एक कारण हे.

सिलेक्टिन काय पकडतात? साखर. पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना साखरेच्या बारीक फांद्या असतात. त्यांच्या टोकाशी असलेल्या एका विशिष्ट रचनेला सायलिल लुईस एक्स म्हणतात आणि तिच्यात फ्युकोज नावाची साखर असावीच लागते. फ्युकोज हे नाव बाजूला लिहून ठेवा. मुंबईची गोष्ट येणार आहे ती त्यावरूनच.

ही पकड फार कमकुवत असते आणि ती तशीच असायला हवी. पावसाळ्यानंतर गवतातून चालताना धोतराला, साडीच्या काठाला कुसळं धरतात. एकेक कुसळ सहज सुटतं, पण एक सुटेपर्यंत दुसरं धरलेलं असतं. तशी पेशी भिंतीवर लोळत जाते: मागचे बंध तुटतात, पुढचे जुळतात. रक्तातल्या मोकळ्या पेशीचा वेग सेकंदाला साधारण एक मिलिमीटरच्या घरात धरला, तर लोळणारी पेशी सेकंदाला दहा ते पन्नास मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर), म्हणजे निदान वीसपट हळू. या बंधांची एक खोड २००३ मध्ये प्रयोगाने दिसली. साधा बंध ओढला की लवकर तुटतो. पी-सिलेक्टिनचा बंध एका मर्यादेपर्यंत ओढला तर जास्त वेळ टिकतो. सरकफासासारखं, ताण पडला की आवळतो. म्हणून रक्त पूर्ण थांबलेलं असताना लोळण नीट होत नाही, वाहतं असताना होते. मला स्वतःला या सगळ्या विषयातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो, पण परीक्षेत याला अर्धा मार्कही नाही.

लोळता लोळता पेशी भिंतीवरची चिठ्ठी वाचते. ही चिठ्ठी म्हणजे केमोकाइन नावाची छोटी प्रथिनं. ती रक्तात सोडली असती तर वाहून गेली असती आणि टाचेचा निरोप कानापर्यंत पोचला असता. म्हणून ती भिंतीवरच्या हेपॅरान सल्फेटच्या साखळ्यांना डकवलेली असतात. तुमच्या ‘सांगतं कोण’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. शिवाय चिठ्ठी कोणासाठी आहे तेही ठरलेलं असतं. इंटरल्यूकिन-८ ही चिठ्ठी न्यूट्रोफिलला कळते, एमसीपी-१ मोनोसाइटला, इओटॅक्सिन इओसिनोफिलला; या दोन्ही पांढऱ्या पेशींच्याच इतर जाती. नाकातल्या अॅलर्जीत इओसिनोफिल का आणि गळवात न्यूट्रोफिल का, याचा बराचसा खुलासा यात आहे.

चिठ्ठी पटली की पेशीचे इंटेग्रिन जागे होतात. ही दुसऱ्या जातीची पकड. एरवी इंटेग्रिन गुडघे दुमडून बसल्यासारखे पेशीवर वाकलेले असतात आणि कशालाच धरत नाहीत. निरोप आल्यावर सेकंदाच्या आत ते उभे राहतात, टोक उघडतात आणि भिंतीवरच्या आयकॅम-१ या प्रथिनाला घट्ट धरतात. लोळणं थांबतं. आता रक्ताचा रेटा तिला हलवू शकत नाही. न्यूट्रोफिलवरचे यातले मुख्य दोन इंटेग्रिन एलएफए-१ आणि मॅक-१. दोघांचा एक अर्धा भाग समान आहे: सीडी१८. फ्युकोजच्या शेजारी हेही लिहून ठेवा.

थांबलेली पेशी लगेच आत घुसत नाही. ती चपटी होते, पाय पसरते आणि सोयीची फट मिळेपर्यंत भिंतीवर सरपटत फिरते, प्रवाहाच्या आडवी किंवा उलटीसुद्धा. मग ओलांडणं. एंडोथेलियमच्या दोन शेजारी पेशी कडांनी एकमेकींना धरून असतात. त्या कडेवर पीकॅम नावाचं प्रथिन असतं आणि तेच पांढऱ्या पेशीवरही असतं. दोन्हीकडचं पीकॅम एकमेकांना धरतं आणि खाली भिंतीच्या पेशी आपले सांधे तेवढ्यापुरते बाजूला करतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी अशा सांध्यांतून जाताना १९६० मध्ये मार्केसी आणि फ्लोरी यांनी दाखवल्या. फ्लोरी म्हणजे तेच, पेनिसिलिनवाले. थोड्या पेशी सांधा टाळून थेट एंडोथेलियमच्या पेशीच्या अंगातून आरपार जातात, पण तो रस्ता कमी वापरातला.

मग रक्त का गळत नाही? पंगत दाटीवाटीने बसलेली असते आणि वाढप्याला मधून पलीकडे जायचं असतं. दोघं जरा अंग चोरतात, तो दोघांना घासत जातो, गेला की ते परत सरसावून बसतात. तो जात असताना तिथे मोकळी जागा अशी कधी नसतेच, फट त्यानेच भरलेली असते. भिंतीच्या पेशींच्या कडा न्यूट्रोफिलला सगळीकडून लपेटून धरतात आणि ती सरकली की मागे मिटतात. हे काही मिनिटांत उरकतं. यात सगळ्यात अवघड सामान म्हणजे पेशीचं केंद्रक. न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन ते पाच मण्यांच्या माळेसारखं आणि लवचीक असतं, त्यामुळे मणी एकेक करून निघतात.

इथे एक घोळ नेहमी होतो. दाहात भिंतीतून पातळ द्रव झिरपतो आणि पेशीही बाहेर पडतात, म्हणून दोन्ही एकाच फटीतून जातात असं मुलं धरून चालतात. डास चावल्यावर पाचदहा मिनिटांत उठणारी गांधी आठवा. ती द्रवाची सूज आहे. हिस्टामिनने सांधे आकसले, पाणी आणि प्रथिनं बाहेर आली. त्या वेळी तिथली कातडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर पांढऱ्या पेशी नाममात्र. उलट पेशी भराभर बाहेर पडत असताना भिंत बऱ्यापैकी कोरडी ठेवता येते. ही दोन वेगळी कामं आहेत, शेजारी शेजारी चालणारी.

एंडोथेलियमच्या पलीकडे अजून एक जाळीदार चटई असते, बेसमेंट मेम्ब्रेन. भिंत ओलांडायला लागतो त्याहून जास्त वेळ पेशीला इथे लागतो. चटई सगळीकडे सारखी विणलेली नसते. विरळ जागा शोधून पेशी तिथून निघतात. त्यापुढे ऊतीत मात्र ती खरोखर माग काढत जाते, ‘धावून जाते’ म्हणायचं तर इथे म्हणा. जंतूंच्या प्रथिनांचे तुकडे, सी५ए (रक्तातल्या कॉम्प्लिमेंट प्रथिनांचा तुकडा), ल्यूकोट्राइन बी४ हे दाहातलं रसायन, यांचा दर्प जिकडे दाट तिकडे ती सरकते. गंमत अशी की जंतूंच्या प्रथिनांची जी खूण तिला कळते तीच खूण आपल्या मायटोकॉन्ड्रियातही असते, कारण त्यांचे पूर्वज जिवाणूच. म्हणून हृदयविकाराच्या झटक्यात एकही जंतू नसताना मेलेल्या स्नायूत न्यूट्रोफिलची रीघ लागते. शवविच्छेदनात झटका किती जुना हे ठरवताना आम्ही तीच मोजतो. पहिले एक ते तीन दिवस न्यूट्रोफिल, पुढे मॅक्रोफेज.

काट्याच्या बाबतीतही क्रम तोच. पहिल्या सहा ते चोवीस तासांत न्यूट्रोफिल, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत मोनोसाइट, जे ऊतीत गेल्यावर मॅक्रोफेज होतात. अपवादही पुष्कळ. टायफॉइडमध्ये आतड्याला छिद्र पडायची वेळ आली तरी तिथे न्यूट्रोफिल फारशा दिसत नाहीत, मॅक्रोफेजच भरलेले असतात आणि रक्तातला काउंटही बहुधा कमीच असतो.

आता ज्यासाठी दोन नावं लिहून ठेवायला सांगितली होती ते. ही साखळी खरोखर अशी आहे हे आपल्याला पटतं ते ज्यांच्यात एकेक कडी जन्मतः गळलेली असते अशा मुलांमुळे.

सव्वा महिन्याचं बाळ. नाळ अजून पूर्ण पडलेली नाही, बेंबीभोवती लाल, कोपऱ्यात काळपट जखम. ताप. पांढऱ्या पेशी साठ हजार, जवळपास सगळ्या न्यूट्रोफिल. रिपोर्टावर कोणीतरी पेन्सिलने ‘ल्युकेमिया?’ लिहिलं होतं आणि घरच्यांना ते कळलंही होतं. जखमेचा तुकडा माझ्याकडे आला. मेलेली ऊती होती, जंतूंच्या वसाहती होत्या. जंतू निवांत वाढत होते आणि भोवती एक न्यूट्रोफिल नाही. शेजारची शिरिका बघितली तर न्यूट्रोफिलनी काठोकाठ भरलेली. दाराशी एवढी गर्दी आणि घरात कोणी नाही. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांनी आधीच नोंद केली होती की जखम एवढी वाईट असून पू नाही. माझ्या आधी निदान त्यांच्या त्या एका ओळीत होतं.

हा ल्यूकोसाइट अॅडहीजन डेफिशियन्सीचा पहिला प्रकार, एलएडी-१. एकविसाव्या गुणसूत्रावरचं आयटीजीबी२ हे जनुक बिघडलं की सीडी१८ बनत नाही, त्यामुळे इंटेग्रिन नाहीत. पेशी लोळतात, चिठ्ठी वाचतात आणि थांबू शकत नाहीत. पू होत नाही, जखमा भरत नाहीत, पुढे हिरड्या झिजून दात पडतात. नाळ गळून पडायलाही या पेशींची गरज असते, म्हणून ती एकदोन आठवड्यांऐवजी तीनचार आठवडे किंवा जास्त लोंबत राहते. निदान फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे पेशींवरची प्रथिनं मोजणाऱ्या यंत्रावर, सीडी१८ मोजून होतं. मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे हे काम चालतं. तीव्र प्रकारात अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं नाही तर बरीच मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत दगावतात. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलं तरच आजार होतो, म्हणून आतेमामे भावंडांच्या लग्नांत धोका वाढतो. आणि एक ताकीद: नाळ उशिरा पडली एवढ्यावरून कोणाच्या घरात घबराट करू नका. निरोगी बाळांचीही कधीकधी तीन आठवडे राहते. उशिरा नाळ, चढा काउंट आणि पू नसलेली जखम, हे तिन्ही एकत्र दिसलं तर मात्र गप्प बसू नका.

आता फ्युकोज. १९५२ मध्ये मुंबईतल्या डॉ. य. मो. भेंडे यांनी सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये एका वेगळ्याच रक्तगटाची नोंद केली. या माणसांच्या तांबड्या पेशींवर ए नाही, बी नाही आणि ओ गटात असतो तो एच हा पायाही नाही. तोच बॉम्बे रक्तगट. नेहमीच्या तपासणीत तो ओ वाटतो, पण ओ गटाचं रक्त दिलं तर घात होतो. ब्लड बँकेच्या पोस्टिंगला तुम्ही हे ऐकालच. एच बनतो तो साखळीच्या टोकाला फ्युकोज जोडून.

चाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, इस्रायलमधल्या दोन मुलांचं वर्णन प्रसिद्ध झालं. वारंवार जंतुसंसर्ग, पू नाही, काउंट प्रचंड, वाढ खुंटलेली, बौद्धिक विकास मागे. इंटेग्रिन तपासले तर उत्तम. रक्तगट मात्र बॉम्बे! दुवा होता फ्युकोज. या मुलांत फ्युकोज पेशीच्या गॉल्जी भागात पोचवणारा वाहकच बिघडलेला असतो. त्यामुळे तांबड्या पेशींवर एच बनत नाही आणि पांढऱ्या पेशींवर सायलिल लुईस एक्सही बनत नाही. सिलेक्टिनला धरायला काही उरत नाही, पेशी लोळतच नाहीत. हा एलएडी-२. एका साखरेच्या अभावाने ब्लड बँकेचं कोडं आणि दाहाचं कोडं एका टेबलावर आलं. काही मुलांना तोंडावाटे फ्युकोज देऊन फायदाही झाला.

इथे लगेच एक शंका येते आणि बॉम्बे गटाचे लोक ती घाबरून विचारतात: आमच्या पांढऱ्या पेशी पण बिघडलेल्या आहेत का? नाहीत. साध्या बॉम्बे गटात फ्युकोजचा पुरवठा ठीक असतो. फक्त एच बनवणारं एक एन्झाइम नसतं. पांढऱ्या पेशींवर फ्युकोज चढवणारी एन्झाइमं वेगळी आहेत आणि ती शाबूत असतात. त्यांना रक्त लागलं तरच अडचण, एरवी गळू तुमच्यामाझ्यासारखंच पिकतं.

एलएडी-३ चं एका वाक्यात सांगतो: इंटेग्रिन असतात पण उभे राहू शकत नाहीत, कारण किंडलिन-३ नसतं, आणि प्लेटलेटचे इंटेग्रिनही लुळे पडल्याने रक्तस्रावही होतो.

साखळी कळली की ती मुद्दाम तोडताही येते. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात लिम्फोसाइट या जातीच्या पांढऱ्या पेशी मेंदूत शिरतात. त्यांचा आल्फा-४ इंटेग्रिन झाकणारं नॅटालिझुमॅब हे औषध अमेरिकेत २००४ मध्ये आलं. काही महिन्यांतच, फेब्रुवारी २००५ मध्ये, ते थांबवावं लागलं, कारण काही रुग्णांच्या मेंदूत एरवी झोपलेला जेसी विषाणू बळावला. मेंदूवर गस्त घालणाऱ्या पेशीच आत जाईनाशा झाल्या होत्या. २००६ मध्ये ते कडक अटींवर परत आलं. यातून धडा घेऊन पुढचं औषध नेमकं केलं गेलं. वेडोलिझुमॅब फक्त आतड्याचा पत्ता वाचणारा इंटेग्रिन झाकतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दाहात ते २०१४ पासून वापरात आहे आणि मेंदूची गस्त त्याने फारशी बिघडत नाही. गाउटमध्ये दिलं जाणारं जुनं कोल्चिसिन न्यूट्रोफिलची चाल आणि पकड दोन्ही ढिली करतं. स्टिरॉइड काय करतं ते वर आलंच. म्हणून स्टिरॉइडवर असलेल्या पेशंटचं पोट मऊ लागलं आणि जखम शांत दिसली तरी मी त्यावर विश्वास ठेवत नाही. नीट आटोक्यात नसलेल्या मधुमेहात आणि नवजात बाळांत या पेशींची चाल मुळातच मंद असते.

स्लाइडवरही भिंत फसवते. ऑपरेशनमध्ये अवयव तासभर हाताळला की तेवढ्यानेही त्याच्या पृष्ठभागाजवळच्या शिरिका जाग्या होतात. न्यूट्रोफिल कडेला जमतात, काही बाहेरही पडतात. मी नवीन असताना अशाच एका अपेंडिक्सला ‘तीव्र दाह’ म्हणून सही केली होती. वरिष्ठांनी स्लाइड परत माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, स्नायूच्या थरात एक तरी दाखव. एकही नव्हती. दुखणं होतं शेजारच्या बीजांडकोशाचं.

शेवटचा प्रश्न राहिला, परत येतात का. लिम्फोसाइट येतात, लसिकावाहिन्यांतून फिरून पुन्हा रक्तात. न्यूट्रोफिल एकदा उतरली की बहुतेक तिथेच संपते, मॅक्रोफेज तिला गिळतात, आणि फार जमल्या तर पू होऊन बाहेर पडतात. शरीर रोज सुमारे शंभर अब्ज नव्या बनवतं, त्यामुळे हा खर्च परवडतो. मात्र २००६ मध्ये झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांत काही न्यूट्रोफिल जखमेकडून उलट रक्तवाहिनीकडे जाताना दिसल्या आणि नंतर उंदरांतही भिंत उलटी ओलांडताना दिसल्या. माझ्या स्लाइडवर अर्धी आत आणि अर्धी बाहेर अडकलेली ती डमरू दिसते तेव्हा आता मी शिकाऊ मुलांना ‘ही बाहेर चालली आहे’ असं छातीठोकपणे सांगायचं सोडून दिलं आहे.